घराची ऊर्जाश्रेणी आणि मालमत्तेचा हक्क

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी म्हण मराठीत रूढ आहे. घर उभे करताना किती अडचणी येतात, हे ज्याच्या वाट्याला ते काम आले त्यालाच कळते, असा तिचा आशय. परंतु ही म्हण रूढ झाली त्या काळी घर एकदा बांधून झाले की त्याच्या भिंतींविषयी शासनाला फारसे काही म्हणावयाचे नसे. आता ही स्थिती पालटली आहे. थंड हवामानाच्या अनेक देशांत घराच्या भिंतींतून, छतातून आणि खिडक्यांतून किती उष्णता वाया जाते याचा हिशोब मांडला जातो, त्यावरून घराला श्रेणी दिली जाते आणि ती श्रेणी ठराविक पातळीच्या खाली असेल, तर ते घर भाड्याने देण्यास कायद्याने मनाई केली जाते.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेले घर भाड्याने देऊ नये असे शासनाने मालकाला सांगणे, हा त्याच्या मालमत्तेच्या हक्कावर घाला नव्हे काय? आणि थंड, ओलसर खोलीत राहण्यावाचून ज्या भाडेकरूला गत्यंतर नाही, त्याच्या हक्काचे काय? ऊर्जाबचतीचे नियम मानवी हक्कांच्या कायद्याशी सुसंगत आहेत किंवा नाहीत, हा वाद या दोन प्रश्नांच्या मधोमध उभा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये असे नियम काही वर्षांपासून अमलात असल्याने हा विषय समजून घेण्यासाठी तेथील उदाहरण विशेष उपयोगी ठरते. बँकेच्या अनेक ग्राहकांची मुले नोकरी-शिक्षणानिमित्त ब्रिटनमध्ये वास्तव्यास आहेत. कोणी तेथे भाडेकरू आहे, तर कोणी कर्ज काढून घर घेतले आहे. त्यांच्या दृष्टीने हा विषय नित्याच्या व्यवहाराचा आहे.

प्रमाणपत्र म्हणजे काय?

आपल्याकडे रेफ्रिजरेटर किंवा वातानुकूलन यंत्र खरेदी करताना त्यावरील ताऱ्यांची पट्टी पाहण्याची सवय ग्राहकांना झाली आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने ही पद्धत २००६ मध्ये सुरू केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशाच स्वरूपाची पट्टी संपूर्ण घराला लावली जाते. तिला ‘ऊर्जा कार्यक्षमता प्रमाणपत्र’ म्हणतात. विक्रीच्या घरांसाठी ते २००७ पासून, तर भाड्याच्या घरांसाठी २००८ पासून आवश्यक झाले. प्रमाणपत्राची मुदत १० वर्षांची असते आणि ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सात श्रेणी असतात. ९२ किंवा त्याहून अधिक गुण मिळाल्यास ‘ए’, ३९ ते ५४ गुण मिळाल्यास ‘ई’, २१ ते ३८ गुणांस ‘एफ’ आणि २० किंवा त्याहून कमी गुणांस ‘जी’ अशी विभागणी आहे.

हे गुण घराच्या प्रत्यक्ष वीजबिलावरून ठरत नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. नोंदणीकृत परीक्षक घराची पाहणी करतो. भिंतींचा प्रकार, माळ्यावरील उष्णतारोधक थराची जाडी, खिडक्यांची काच, घर तापवण्याची यंत्रणा इत्यादी बाबींची नोंद करतो. आणि त्या नोंदींवरून ठराविक गणिती पद्धतीने गुण काढले जातात. घरात एकटे वृद्ध गृहस्थ राहतात की पाच जणांचे कुटुंब, याचा त्या गुणांवर परिणाम होत नाही. श्रेणी घराला मिळते, राहणाऱ्याला नव्हे. एकाच गणितावर मालकाचे उत्पन्न अवलंबून राहू लागले, की ते गणित कितपत अचूक आहे हा प्रश्नसुद्धा हक्काचा प्रश्न बनतो.

भाड्याच्या घरांसाठी किमान श्रेणी

ब्रिटिश संसदेने २०११ मध्ये ऊर्जा अधिनियम संमत केला आणि त्याच्या आधारे २०१५ मध्ये खासगी भाड्याच्या मालमत्तांसाठीचे नियम तयार झाले. भाड्याच्या घराची श्रेणी किमान ‘ई’ असली पाहिजे, हे त्यांचे सार. १ एप्रिल २०१८ पासून नव्या भाडेकरारांना आणि भाडेकरारांच्या नूतनीकरणाला, तर १ एप्रिल २०२० पासून प्रमाणपत्र आवश्यक असलेल्या सर्व चालू भाडेकरारांना हा नियम लागू झाला. म्हणजे नियम तयार झाल्यापासून चालू करारांपर्यंत तो पोहोचेतोवर मालकांना पाच वर्षांचा अवधी मिळाला.

सुधारणेचा खर्च मालकाला पदरचा करावा लागू नये, असे मूळ योजनेत अभिप्रेत होते. ‘ग्रीन डील’ नावाची अर्थसाहाय्य योजना शासनाने २०१३ मध्ये सुरू केली होती. सुधारणेसाठी मिळालेल्या रकमेची परतफेड वीजबिलातून हप्त्याहप्त्याने व्हावयाची होती. ही योजना फारशी रुजली नाही आणि २०१५ मध्ये शासनाने तिचे अर्थसाहाय्य थांबवले. परिणामी नियम कागदावर उभा राहिला, पण त्याखालचा आर्थिक आधार निसटला. म्हणून १ एप्रिल २०१९ पासून दुरुस्ती अमलात आणून खर्चाचा भार मालकावर टाकण्यात आला. परंतु त्याच वेळी त्या खर्चाला प्रत्येक घरामागे मूल्यवर्धित करासह ३,५०० पौंडांची मर्यादा घालण्यात आली.

नियमभंग झाल्यास स्थानिक कौन्सिल दंड करू शकते. २०१५ च्या नियमांनुसार तीन महिन्यांपेक्षा कमी काळच्या नियमभंगास २,००० पौंडांपर्यंत, त्याहून अधिक काळच्या नियमभंगास ४,००० पौंडांपर्यंत आणि सर्व मिळून एका घरामागे कमाल ५,००० पौंडांपर्यंत दंडाची तरतूद करण्यात आली. तथापि, नियमभंगामुळे भाडेकरार रद्द होत नाही. भाडेकरूला घराबाहेर पडावे लागत नाही आणि भाडे देण्याची त्याची जबाबदारीही कायम राहते. ज्याच्या हितासाठी नियम केला त्यालाच त्या नियमामुळे बेघर व्हावे लागू नये, हा विवेक त्यामागे आहे.

दोन हक्क समोरासमोर

‘मानवी हक्कांविषयीचा युरोपीय करार’ हा येथील कायदेशीर पाया. हा करार युरोपीय संघाचा नसून युरोप परिषद या स्वतंत्र संस्थेचा आहे. त्यामुळे २०२० मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तरी या कराराशी त्याचे नाते तुटले नाही. कराराचे हक्क ब्रिटिश न्यायालयांतूनच मागता यावेत यासाठी तेथील संसदेने मानवी हक्क अधिनियम, १९९८ संमत केला. तो ऑक्टोबर २००० पासून पूर्णपणे अमलात आला. या अधिनियमाच्या कलम १९ नुसार विधेयक मांडणाऱ्या मंत्र्याला, ते विधेयक कराराच्या हक्कांशी सुसंगत आहे की नाही याविषयी लेखी निवेदन द्यावे लागते. मानवी हक्क हा कायदा झाल्यानंतरचा वादाचा विषय न राहता, तो तयार होतानाच पार करावयाचा टप्पा ठरला आहे.

मालकाच्या बाजूने या कराराच्या पहिल्या पूरक मसुद्यातील पहिले कलम उभे राहते. १९५२ च्या या मसुद्याने प्रत्येक व्यक्तीला आपल्या मालमत्तेचा निर्वेध उपभोग घेण्याचा हक्क दिला. हा हक्क नैसर्गिक व्यक्तींप्रमाणेच कंपनी, बँक यांसारख्या कायदेशीर व्यक्तींनाही आहे. परंतु त्याच कलमाने सार्वजनिक हितासाठी मालमत्तेच्या वापरावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्याला राखून दिला आहे.

भाडेकरूच्या बाजूने कराराचे आठवे कलम येते. खासगी आणि कौटुंबिक जीवन तसेच घर यांचा आदर राखला जावा, असे ते सांगते. याशिवाय आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे अकरावे कलम पुरेशा निवाऱ्याचा हक्क मान्य करते. या कराराखालील समितीने १९९१ मध्ये ‘पुरेसा निवारा’ या शब्दांचा अर्थ विशद करताना थंडी, ओल आणि उष्णता यांपासूनचे संरक्षण त्यात अंतर्भूत केले. त्याचबरोबर तो निवारा परवडणाराही असला पाहिजे, असे म्हटले. ब्रिटनप्रमाणे भारतही या कराराचा सदस्य असून भारताने १९७९ मध्ये त्याचा स्वीकार केला आहे.

हे शब्द केवळ कागदावरचे नाहीत. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक या दोन वर्षांच्या बालकाचा मृत्यू झाला. सामाजिक गृहसंस्थेच्या ज्या सदनिकेत तो राहत होता तेथील बुरशीचा दीर्घकाळ संपर्क हे त्याच्या श्वसनविकाराचे कारण होते, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदवला. कुटुंबाने बुरशीविषयी तक्रारी केल्या होत्या. त्यानंतर २०२३ च्या सामाजिक गृहनिर्माण अधिनियमात त्या बालकाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद समाविष्ट झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहसंस्थांना ओल व बुरशीच्या गंभीर तक्रारींवर ठराविक मुदतीत कारवाई करणे बंधनकारक झाले. या घटनेतून आणखी एक बोध मिळतो. केवळ भिंती बंदिस्त करून उष्णता कोंडली आणि हवा खेळती ठेवली नाही, तर ओल वाढते. उत्तम श्रेणी आणि निरोगी घर या दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या तरच नियमाचा हेतू सफल होतो.

स्ट्रासबर्गच्या न्यायालयाची कसोटी

मालक आणि भाडेकरू यांच्या हक्कांत ताळमेळ कसा घालावा, याविषयी स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्क न्यायालयाने अनेक निकालांतून एक कसोटी घडवली आहे. १९८२ मध्ये स्वीडनविरुद्धच्या एका खटल्यात न्यायालयाने ‘न्याय्य समतोल’ हे तत्त्व मांडले. सार्वजनिक हिताची गरज आणि व्यक्तीच्या मूलभूत हक्कांचे संरक्षण यांत समतोल राखला गेला पाहिजे. एकाच व्यक्तीवर असह्य ओझे पडता कामा नये, असा त्याचा आशय. त्या प्रकरणात स्टॉकहोम येथील मालमत्तांवर अनेक वर्षे संपादनाची टांगती तलवार आणि बांधकामबंदी होती आणि मालकांना दाद मागण्यास पुरेशी सोय नव्हती. तेथे समतोल ढळल्याचे न्यायालयाने मान्य केले.

१९८६ मध्ये ब्रिटनविरुद्धच्या जेम्स खटल्यात चित्र वेगळे होते. लंडनच्या बेलग्रेव्हिया भागातील, वेस्टमिन्स्टरच्या ड्यूक घराण्याशी संबंधित विश्वस्तांच्या मालमत्ता दीर्घ मुदतीच्या पट्टेदारांना विकत घेण्याचा हक्क कायद्याने दिला होता. विश्वस्तांनी त्याविरुद्ध दाद मागितली. निवारा ही समाजाची प्राथमिक गरज असून तिची पूर्तता सर्वस्वी बाजारावर सोपवता येत नाही. अशा धोरणांत राष्ट्रीय संसदेला निर्णयाचे व्यापक स्वातंत्र्य असते, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९८९ मध्ये ऑस्ट्रियातील भाडेकपातीच्या कायद्यासंबंधीच्या मेलाखर खटल्यातही मालकांचे उत्पन्न बरेच घटले असताना न्यायालयाने हक्कभंग झाल्याचे मान्य केले नाही.

हे स्वातंत्र्य अमर्याद मात्र नाही. २००६ मध्ये पोलंडविरुद्धच्या हुटेन-चाप्स्का खटल्यात न्यायालयाच्या महापीठाने ही सीमा दाखवून दिली. कायद्याने ठरवलेले भाडे इतके अल्प होते की त्यातून इमारतीच्या देखभालीचा खर्चही निघत नव्हता. असे असताना दुरुस्तीची जबाबदारी मात्र मालकावरच होती. सुमारे एक लाख मालक या व्यवस्थेत अडकले होते. भाडेकरूंचे संरक्षण हा हेतू योग्य असला, तरी त्याचा संपूर्ण भार समाजातील एकाच गटावर टाकता येत नाही, असे ठरवून न्यायालयाने मालकांच्या बाजूने निर्णय दिला.

या निकालांतून निघणारे सूत्र सोपे आहे. शासनाने नियम करावा की नाही, याबाबत न्यायालय सहसा हस्तक्षेप करीत नाही. खर्चाची सक्ती केली आणि उत्पन्नाचा मार्गही बंद केला, अशी दुहेरी कोंडी मालकाची झाली आहे काय, हे मात्र ते बारकाईने तपासते. हेतूच्या बाबतीत आणखी एक निकाल महत्त्वाचा आहे. ९ एप्रिल २०२४ रोजी स्वित्झर्लंडमधील ज्येष्ठ महिलांच्या संघटनेने दाखल केलेल्या प्रकरणात, हवामान बदलाच्या गंभीर परिणामांपासून नागरिकांचे रक्षण करण्याचे कर्तव्य आठव्या कलमातून निघते, असा निर्णय न्यायालयाने दिला. तेव्हा घरांतील ऊर्जेचा अपव्यय कमी करणे हा सार्वजनिक हिताचा हेतू नाही, असे म्हणणे यापुढे कठीण आहे.

सवलतींच्या यादीत दडलेले हक्क

ही कसोटी इंग्लंड-वेल्सच्या नियमांना लावून पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. या नियमांची सुसंगतता त्यांच्या मुख्य आज्ञेपेक्षा त्यांना जोडलेल्या सवलतींवर अधिक अवलंबून आहे. या सवलतींची नोंद शासनाच्या नोंदवहीत करावी लागते आणि बहुतेक सवलतींची मुदत पाच वर्षांची असते.

समजा, निवृत्त शिक्षिकेच्या मालकीचे शंभर वर्षांपूर्वीचे विटांचे घर आहे आणि त्याचे भाडे हाच तिच्या उदरनिर्वाहाचा आधार आहे. घराची श्रेणी ‘एफ’ आहे आणि ‘ई’ गाठण्यासाठी एकूण ८,००० पौंड खर्च येणार आहे. नियमानुसार तिने ३,५०० पौंडांच्या मर्यादेत शक्य तितक्या सुधारणा कराव्या लागतात. तरीही श्रेणी ‘ई’पर्यंत पोहोचली नाही, तर तशी नोंद करून ती घर भाड्याने देऊ शकते. शिफारस केलेली सर्वांत स्वस्त सुधारणाही मर्यादेपलीकडे जात असेल, तर तीन कंत्राटदारांची दरपत्रके जोडून सवलत नोंदवता येते. हुटेन-चाप्स्का खटल्यातील दुहेरी कोंडी टाळण्याची ही सोय आहे.

जुन्या बांधणीच्या भिंतीला उष्णतारोधक थर लावल्याने भिंतीची किंवा इमारतीची हानी होईल, असे तज्ज्ञाचे लेखी मत असल्यास ती सुधारणा टाळता येते. सुधारणेमुळे मालमत्तेचे मूल्य ५ टक्क्यांहून अधिक घटेल, असा स्वतंत्र मूल्यांककाचा अहवाल असल्यासही सवलत मिळते. या दोन्ही तरतुदींच्या मुळाशी मालमत्तेचा हक्क आहे. घरात काम करण्यास भाडेकरूनेच संमती नाकारली, तरीही सवलत मिळते, कारण भाड्याचे असले तरी ते त्याचे घर आहे आणि आठव्या कलमाचे संरक्षण त्याला लाभते. दुसऱ्या बाजूने, १ एप्रिल २०१६ पासून भाडेकरूला स्वतः निधीची व्यवस्था करून सुधारणेची मागणी करता येते आणि मालकाला ती सबळ कारणाविना फेटाळता येत नाही.

बँक कर्मचाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी एक सवलत आहे. घर ज्या बँकेकडे तारण आहे, त्या बँकेची संमती आवश्यक असूनही ती मिळाली नाही, तर मालक तेही कारण नोंदवू शकतो. तारणाच्या मूल्यात बँकेचा हितसंबंध गुंतलेला असतो आणि मालमत्तेच्या हक्काचे संरक्षण बँकेसारख्या संस्थेलाही असते. त्यामुळे घराच्या श्रेणीचा विषय मालक, भाडेकरू आणि शासन या त्रिकोणात संपत नाही. कर्ज देणारी संस्था हा त्याचा चौथा कोन आहे. ज्या घराला भाड्याने देण्याची परवानगी नाही, त्या घरातून कर्जाच्या हप्त्याइतके भाडे येणार नाही, हा हिशोब कर्ज मंजूर करणाऱ्यालाही करावा लागतो.

दंडाच्या बाबतीत मालकाला प्रथम कौन्सिलकडे फेरविचाराची विनंती करता येते आणि त्यानंतर न्यायाधिकरणात अपील करता येते. निष्पक्ष सुनावणीचा हक्क कराराच्या सहाव्या कलमात आहे. त्याची येथे व्यवस्था झाली आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला हा नियम नाही, मग भाड्याने देणाऱ्यालाच का? याचे उत्तर दोघांच्या परिस्थितीतील फरकात सापडते. स्वतःच्या घरात राहणारा मनुष्य खर्च करावयाचा की थंडी सोसावयाची, हे स्वतः ठरवतो. भाडेकरूच्या बाबतीत निर्णय एकाचा आणि सोसणे दुसऱ्याचे असते. हा फरक जोवर खरा आहे, तोवर भिन्न वागणुकीला वाजवी कारण आहे.

यापुढील पायरीही चर्चेत आली. किमान श्रेणी ‘सी’ करण्याचा विचार २०२० मध्ये मांडला गेला, २०२३ मध्ये तो मागे घेण्यात आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २०३० च्या मुदतीसह आणि वाढीव खर्चमर्यादेसह तो पुन्हा जनतेच्या विचारार्थ ठेवण्यात आला. धोरणाची ही हेलकावणारी वाटचाल हीदेखील हक्कांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मुदत निश्चित नसेल, तर प्रामाणिक मालकाला नियोजन करता येत नाही आणि टाळाटाळ करणाऱ्याला निमित्त मिळते.

भार कोणी उचलावा?

इतर देशांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे. फ्रान्सने २०२१ च्या हवामानविषयक कायद्यान्वये १ जानेवारी २०२५ पासून ‘जी’ श्रेणीची घरे नव्याने भाड्याने देण्यास प्रतिबंध केला आणि ‘एफ’साठी २०२८, तर ‘ई’साठी २०३४ हे वर्ष ठरवले. तत्पूर्वी ऑगस्ट २०२२ पासून ‘एफ’ आणि ‘जी’ श्रेणीतील घरांचे भाडे वाढवण्यास मनाई झाली. १ जानेवारी २०२६ पासून फ्रान्सने श्रेणीच्या गणितातील विजेचा गुणक २.३ वरून १.९ केला. त्यामुळे विजेवर तापणारी अनेक घरे एकही वीट न हलवता वरच्या श्रेणीत गेली. गणितातील एक आकडा मालकाचे आणि भाडेकरूचे हक्क कसे बदलतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

जर्मनीने बंदीपेक्षा खर्चाच्या वाटपावर भर दिला. तेथे सुधारणेच्या खर्चाच्या ८ टक्के रक्कम वार्षिक भाड्यात वाढवता येते. परंतु सहा वर्षांत ही वाढ दर चौरस मीटरला दरमहा ३ युरोंपेक्षा, आणि भाडे ७ युरोंपेक्षा कमी असल्यास २ युरोंपेक्षा अधिक होऊ शकत नाही, अशी व्यवस्था २०१९ पासून करण्यात आली. १ जानेवारी २०२३ पासून घर तापवण्याच्या इंधनावरील कार्बन शुल्काची विभागणीही दहा टप्प्यांत केली गेली. सर्वांत वाईट इमारतीत ९५ टक्के शुल्क मालकाने भरावयाचे, तर सर्वांत चांगल्या इमारतीत ते संपूर्णपणे भाडेकरूने. इमारतीचा दोष मालकाच्या खात्यावर आणि वापरातील सवय भाडेकरूच्या खात्यावर, असा हा जमाखर्च आहे.

भारतातील स्थिती

भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये आला. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे प्रश्न मुख्यतः उष्णतेचा असल्याने भिंती, खिडक्या आणि छत यांतून घरात किती उष्णता शिरते यावर या संहितेत भर दिला आहे. २०२२ मध्ये अधिनियमात झालेली दुरुस्ती १ जानेवारी २०२३ पासून अमलात आली आणि १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या निवासी इमारतींनाही संहितेच्या कक्षेत आणण्याचा मार्ग मोकळा झाला. हा भर नव्या आणि मोठ्या इमारतींवर आहे. जुने घर भाड्याने देण्यावर श्रेणीची अट आपल्याकडे नाही.

हक्कांची बाजूही येथे निराळी आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळून अनुच्छेद ३००-अ मध्ये ठेवला. कायद्याच्या अधिकाराविना कोणाचीही मालमत्ता हिरावता येणार नाही, असे तो सांगतो. २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या भूसंपादन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सूचना, सुनावणी, सकारण निर्णय आणि योग्य मोबदला हे या हक्काचे घटक असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी माळढोक पक्ष्याच्या संरक्षणासंबंधीच्या प्रकरणात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मधून निघतो, असेही न्यायालयाने म्हटले.

मुंबईकरांना तर पोलंडची कथा परकी वाटणार नाही. मुंबईतील अनेक जुन्या चाळींचे भाडे जुन्या कायद्याने दशकानुदशके गोठवलेले होते आणि दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या कित्येक पट झाला होता. १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, भाडे गोठवणाऱ्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे मत दिले. पुढे आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीला मुभा दिली. स्ट्रासबर्गने २००६ मध्ये पोलंडच्या संदर्भात केलेला विचार नवी दिल्लीत त्याआधी नऊ वर्षे झाला होता.

ग्राहकांनी लक्षात ठेवावे असे काही

ब्रिटनमध्ये घर भाड्याने घेणाऱ्या विद्यार्थ्याने अथवा नोकरदाराने करारापूर्वी प्रमाणपत्र मागावे. ते भाडेकरूला विनामूल्य देणे मालकावर बंधनकारक आहे. श्रेणी ‘एफ’ किंवा ‘जी’ असेल, तर सवलतीची नोंद झाली आहे काय, हे पाहावे. कमी भाड्याच्या आकर्षणाने घेतलेले घर हिवाळ्यातील बिलामुळे महाग पडू शकते.

तेथे घर विकत घेऊन भाड्याने देऊ इच्छिणाऱ्याने किमतीबरोबर श्रेणी, प्रमाणपत्राची तारीख आणि पुढील सुधारणांचा खर्चही हिशोबात धरावा. पूर्वीच्या मालकाच्या नावे नोंदलेली सवलत नव्या मालकाकडे आपोआप येत नाही. त्याला ती स्वतंत्रपणे मिळवावी लागते. कर्ज असल्यास बांधकामापूर्वी कर्ज देणाऱ्या बँकेची लेखी संमती घ्यावी आणि दरपत्रके, पावत्या व तज्ज्ञांचे अहवाल जपून ठेवावेत. प्रसंग आल्यास न्यायाधिकरणात हेच कागद मालकाच्या बाजूने बोलतात.

घराची श्रेणी सुधारण्याची सक्ती स्वभावतःच मानवी हक्कांच्या विरोधात जात नाही आणि हेतू चांगला आहे एवढ्यानेच ती सुसंगतही ठरत नाही. पुरेसा अवधी, खर्चाची मर्यादा, भार वाटून घेण्याची सोय, विश्वासार्ह मोजमाप आणि दाद मागण्याची जागा या पाच गोष्टी असतील, तर निवृत्त शिक्षिकेचे उत्पन्न आणि तिच्या भाडेकरूच्या बालकाचे आरोग्य या दोहोंचे रक्षण एकाच नियमाने होऊ शकते. भारतातील जुन्या घरांपर्यंत असे नियम उद्या पोहोचलेच, तर त्यांच्या मसुद्यात वाचकांनी प्रथम या पाच गोष्टी शोधाव्यात.